दोन पायऱ्यांचे लाकडी स्टूल वर्षभरात डळमळू लागले. नवे करताना काय बदलावे?

हौशी करवत (प्रश्न)

नमस्कार. वरच्या कपाटापर्यंत हात पोहोचावा म्हणून गेल्या वर्षी मी दोन पायऱ्यांचे लाकडी स्टूल घरीच तयार केले. लाकूडकामाचा अनुभव एक-दोन फडताळे आणि एक खोके एवढाच असल्यामुळे, मजबुतीसाठी जाड लाकूड घ्यावे एवढा एकच विचार मी केला होता. त्यानुसार ३० मि.मी. जाडीच्या फळ्या आणल्या. दोन्ही बाजूंच्या फळ्या साधारण २८० मि.मी. रुंदीच्या आणि उभ्या तंतूंच्या होत्या. त्यांच्या आतल्या अंगाला पायऱ्यांच्या उंचीवर आडव्या आधारपट्ट्या गोंद लावून आणि चार-चार स्क्रू मारून घट्ट बसवल्या, आणि त्या पट्ट्यांवर पायऱ्यांच्या फळ्या ठेवून वरून खिळे ठोकले. दोन्ही बाजूंना जोडणारी एकच बारीक पट्टी मागे, अगदी खाली होती. तिला बाहेरून दोन्ही टोकांना एकेक स्क्रू मारलेला होता.

पहिले काही महिने स्टूल दगडासारखे उभे राहिले. नंतर हवा कोरडी झाली तेव्हा एका बाजूच्या फळीला खालून वर अशी उभी चीर पडली. चीर बरोबर आधारपट्टीच्या दोन स्क्रूंच्या मधून गेली आहे. त्याच सुमारास स्टूल डावी-उजवीकडे झुलू लागले. त्यावर उभे राहिले की बोटीत उभे असल्यासारखे वाटते. स्क्रू पुन्हा आवळले. दोन दिवस बरे वाटले, मग ते जागच्या जागी फिरू लागले. आता आईला त्यावर चढू देण्याची माझी हिंमत होत नाही.

नवे स्टूल करायचे ठरवले आहे. उंची ४४० मि.मी.च्या आसपास हवी आणि मधली पायरी निम्म्यावर असावी. माझ्याकडे हातकरवत, ड्रिल, छोटा रंधा, १२ आणि २५ मि.मी.च्या दोन पटाश्या, गुण्या आणि दोनच शिकंजे आहेत. या वेळी ४० मि.मी. जाडीचे लाकूड घ्यावे का? खिळे टाळून सगळीकडे स्क्रूच वापरले तर पुरेल का? आणि चीर नेमकी का पडली, हे कोणी समजावून सांगू शकेल का? कारण कळले नाही तर नव्या स्टुलातही मी तीच चूक अधिक जाड लाकडात करीन, अशी भीती वाटते.

पाचर (उत्तर)

तुमच्या शेवटच्या वाक्यातच अर्धे उत्तर आहे. लाकूड ४० मि.मी.चे घेतले तर स्टूल जड होईल, पण याच पद्धतीने जोडले तर तेही झुलेल आणि तेही चिरेल, कारण तुमच्या स्टुलात फळी कधीच कमजोर नव्हती.

थोडा हिशेब करून पाहू. बाजूंच्या मधले अंतर ४१० मि.मी., पायरीची फळी २०० मि.मी. रुंद आणि अवघी २२ मि.मी. जाड आहे असे धरा, आणि तिच्या बरोबर मध्यावर १५० किलोंचा भार ठेवा. (घरगुती पायरी-स्टुलांसाठी ईएन १४१८३ हे जे युरोपीय मानक आहे, त्यातही कमाल भार १५० किलोच धरला आहे.) या भाराने फळीत निर्माण होणारा वाकण्याचा ताण दर चौरस मिलिमीटरला ९ न्यूटनच्या जरा वर जातो. गाठी नसलेले, नीट सुकलेले लाकूड वाकून मोडायला साधारण ६० ते १०० न्यूटन लागतात. म्हणजे २२ मि.मी.ची फळीसुद्धा सहापट किंवा त्याहून अधिक ताकद राखून आहे. जाडीचा उपयोग नाही असे नव्हे: वाक जाडीच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात कमी होतो, त्यामुळे १८ ऐवजी २५ मि.मी. घेतल्यास फळी अडीचपटीहून जास्त ताठ वाटते. पण तुमचा त्रास पायरी लवण्याचा नाही, चौकट झुलण्याचा आहे, आणि चौकट सांध्यांत झुलते.

आता चिरेविषयी. लाकूड हवेतील ओलावा घेते तेव्हा फुगते आणि ओलावा सोडते तेव्हा आकसते, हे आपण सगळेच जाणतो. पण हा फरक जवळजवळ सगळा फळीच्या रुंदीत पडतो, लांबीत तो नगण्य असतो. तुमची बाजूची २८० मि.मी.ची फळी घ्या. लाकडातील ओलावा चार टक्क्यांनी उतरला, तर सागासारखे शांत लाकूडदेखील एवढ्या रुंदीत दोन मिलिमीटरांच्या आसपास आकसते; बरीच इतर लाकडे त्याहून जास्त आकसतात. त्या फळीवर तुम्ही आडवी आधारपट्टी गोंदाने आणि चार स्क्रूंनी जखडली. पट्टीचे तंतू आडवे, म्हणजे तिची लांबी आणि फळीची रुंदी एकाच दिशेत आहेत. फळीला दोन मिलिमीटर आकसायचे आहे आणि पट्टी तसूभरही हलायला तयार नाही. अशा वेळी फळी आपली वाट स्वतःच काढते, आणि लाकडाला सर्वात सोपी वाट दोन तंतूंच्या मधून जाते. म्हणून चीर उभी पडली, आणि दोन स्क्रूंच्या मध्येच पडली. तुम्ही गोंद आणि स्क्रू जितके जास्त वापराल, तितकी ही चीर नक्की होते.

झुलण्याचे कारण वेगळे आहे. दोन उभ्या आणि दोन आडव्या फळ्यांचा चौकोन, नुसत्या कोपऱ्यांवर धरलेला असेल, तर ढकलल्यावर तिरपा होतोच. कोपऱ्यात कितीही स्क्रू असले तरी प्रत्येक हेलकाव्याला ते आपले भोक थोडे थोडे मोठे करत राहतात. त्याला रोखायला रुंद आडपट्टी लागते. ९० मि.मी. उंचीची पट्टी जर बाजूच्या फळीत खाच पाडून बसवली, तर ती त्या ९० मि.मी. उंचीत वर आणि खाली अशा दोन ठिकाणी धरून ठेवते आणि कोपऱ्याला वळूच देत नाही. तुमची खालची बारीक पट्टी एका स्क्रूभोवती बिजागरीसारखी फिरत होती.

त्यात आणखी एक गोष्ट झाली. तुम्ही स्क्रू बाहेरून, बाजूच्या फळीतून, पट्टीच्या टोकात मारलात. फळीचे टोक, म्हणजे जिथे आडवा काप घेतल्याने तंतूंची तोंडे उघडी पडतात तो भाग, स्क्रू धरायला सर्वात वाईट असतो. तिथे स्क्रूचे आटे तंतूंना समांतर जातात, त्यांना आडवे धरायला काही मिळत नाही, आणि थोड्या हालचालीने आतल्या लाकडाचा भुसा होतो. दोन दिवसांनी स्क्रू फिरू लागण्याचे कारण हेच आहे. गोंदाचीही तीच गत: उघडी तोंडे तो शोषून घेतात आणि सांध्यात उरतो तो पापुद्रा.

त्यामुळे लाकूड २२ मि.मी.चेच घ्या, पण सांधा बदला. माझ्या पद्धतीत बाजूची प्रत्येक फळी दोन उभ्या तुकड्यांची असते: एक ४१८ मि.मी. उंच, दुसरा १९८ मि.मी. उंच, दोन्ही साधारण २०० मि.मी. रुंद आणि कडेला कड लावून गोंदाने चिकटवलेले. पायरीची आकृती आपोआप तयार होते, पायरीच्या आकारासाठी फळी कापावी लागत नाही आणि लाकूडही वाया जात नाही. तंतू उभेच ठेवायचे, हे विसरू नका. आडवे ठेवले तर खाली कमान कापल्यानंतर उरणारे पाय बिस्किटासारखे तुटतात. कडेला कड असा सांधा तंतूंना तंतू लागून असल्यामुळे, दोन्ही कडा रंध्याने सरळ केल्या असतील तर पुढे लाकूड फाटते पण तो सांधा सुटत नाही. दोन कडा एकमेकींवर ठेवून उजेडासमोर धरा. उजेड दिसला तर रंधा पुन्हा फिरवा. पांढरा गोंद फटी भरत नाही.

पायऱ्यांच्या फळ्या या तुकड्यांच्या माथ्यावर सरळ ठेवायच्या. २२ मि.मी. जाडी धरून उंची २२० आणि ४४० होते. आता गंमत पाहा: पायरीची रुंदी आणि बाजूची रुंदी एकाच दिशेत आहेत, त्यामुळे एकाच जातीचे लाकूड असेल तर दोघी बरोबरच फुगतात आणि बरोबरच आकसतात. भांडण लावणारी आधारपट्टी मुळात लागतच नाही, कारण भार पायरीवरून थेट उभ्या फळीच्या माथ्यावर आणि तिथून जमिनीवर जातो.

ताठपणा चार आडपट्ट्यांतून येतो, प्रत्येक ९० मि.मी. रुंद आणि स्टुलाच्या पूर्ण लांबीची. एक वरच्या पायरीखाली मागे, एक वरच्या पायरीखाली पुढे, एक खालच्या पायरीखाली पुढे आणि एक मागे जमिनीपासून ८० मि.मी. वर. प्रत्येक पट्टीसाठी उभ्या फळीच्या कडेत २२ मि.मी. खोल आणि ९० मि.मी. उंच खाच पाडा. वरच्या पायरीखालची पुढची खाच पाडताना तिची खालची कड मधल्या पायरीच्या वरच राहते ना, हे आधी आखून पाहा. पट्टी खाचेत सपाट बसते आणि स्क्रू पट्टीच्या रुंद, सपाट अंगातून उभ्या फळीच्या कडेत जातो, म्हणजे तंतूंना आडवा. हाच तो फरक, ज्यासाठी मी एवढे लांबण लावले. ४ मि.मी. जाडीचा ५० मि.मी. लांब स्क्रू घ्या, पट्टीत ४.५ मि.मी.चे मोकळे भोक आणि उभ्या फळीत ३ मि.मी.चे आधीचे भोक पाडा. पट्टीतले भोक मोकळे नसेल तर स्क्रूचे आटे तिथेही धरतात आणि दोन लाकडांमधली फट कधीच मिटत नाही. आपण आवळत राहतो आणि काही होत नाही.

चिकट कारभार (उत्तर)

वरचे सगळे विवेचन बरोबर असले तरी पहिलेच स्टूल बिघडलेल्या माणसाला मी १८ मि.मी.चा चांगला प्लाय घ्या असेच सांगेन. प्लायमध्ये एकाआड एक थरांचे तंतू एकमेकांना आडवे असतात, त्यामुळे रुंदीत फुगण्या-आकसण्याचा प्रश्न व्यवहारात उरत नाही. बाजूची पायऱ्यांची आकृती एकाच तुकड्यातून कापता येते; कडा जुळवा, गोंद लावा, रात्रभर थांबा, हे काही नाही.

प्लायचे दोष मात्र आधीच माहीत असावेत. त्याच्या कडेत स्क्रू मारला तर थर उकलतात. म्हणून कडेत आधीचे भोक पाडल्याशिवाय स्क्रू लावू नये आणि टोकापासून निदान ४० मि.मी. आत राहावे. हातकरवतीने कापताना खालच्या अंगाचे पापुद्रे निघतात, त्यासाठी कापायच्या रेषेवर दोन्ही अंगांनी धारदार सुरीने खोल रेघ ओढून घ्यावी आणि मग करवत रेघेच्या बाहेरच्या अंगाने चालवावी. पायांच्या उघड्या कडांना फरशी पुसताना पाणी लागते आणि एक-दोन वर्षांत त्या फुगून उकलतात. माझ्या पहिल्या स्टुलाचे चारही पाय असेच फुलकोबीसारखे झाले होते. आता मी पायांच्या खालच्या कडेला पातळ केलेला गोंद दोनदा पाजतो, तो वाळल्यावर वॉर्निश लावतो आणि मग रबराचे बूट बसवतो.

ओळंबा (उत्तर)

लाकूड की प्लाय हा वाद चालू द्या. माझा मुद्दा कलंडण्याविषयी आहे, कारण स्टूल मोडून पडलेली माणसे मी पाहिली नाहीत, पण स्टूल कलंडून पडलेली दोन पाहिली आहेत, त्यांतला एक मी स्वतः.

माणूस स्टुलावर उभा राहिला की त्याचा भार पायांच्या चार टोकांनी आखलेल्या चौकोनाच्या आत पडला पाहिजे. बाहेर पडला तर स्टूल कितीही मजबूत असो, ते उलटते. माझ्या स्टुलाची वरची फळी शोभेसाठी दोन्ही बाजूंनी ६० मि.मी. बाहेर काढलेली होती. एकदा दिवा बदलताना मी टोकाकडे सरकलो, एक पाय त्या बाहेर आलेल्या भागावर पडला, आणि दुसऱ्या बाजूचे पाय शांतपणे उचलले गेले. आवाज नाही, कुरकुर नाही. सांधे सगळे शाबूत, फक्त मी खाली.

त्यामुळे लांबीच्या दिशेने फळी बाहेर काढूच नये, बाजूच्या फळीला समतल ठेवावी. बाहेर काढायचीच असेल तर पायही बाहेर झुकवावेत. ५ अंशांचा झुकाव दिला तर ४४० मि.मी. उंचीत पाय साधारण ३८ मि.मी. बाहेर जातो, म्हणजे २५ मि.मी. बाहेर आलेल्या फळीच्या टोकावर पाय पडला तरी जमिनीवरचा आधार अजून १३ मि.मी. पुढे असतो. मात्र झुकाव दिला की प्रत्येक काप तिरका, प्रत्येक खाच तिरकी आणि खालची पायरी वरच्यापेक्षा लांब, हा सगळा व्याप दोन पटाश्या आणि एक हातकरवत असलेल्या माणसाने पहिल्याच खेपेला करू नये. उभ्या बाजू, समतल टोके आणि ४५० मि.मी. लांबी, एवढ्यावर थांबावे.

पुढच्या अंगाला पायरी १५ ते २० मि.मी. बाहेर आली तर चालते, किंबहुना चढताना बोटे खाली टेकायला बरे पडते. मागच्या अंगाला मात्र फळी समतलच हवी, कारण वरच्या पायरीवर उभे राहून आपण कपाटाकडे वाकतो आणि भार त्याच कडेकडे जातो. खोलीसाठी २०० अधिक २०० अशी ‘पाचर’ यांनी दिलेली मापे योग्य आहेत. दोन्ही पायऱ्या एकावर एक आणण्याचा मोह धरून खोली कमी करू नये. पायऱ्यांमधली चढ सारखी ठेवा. एक २०० आणि दुसरी २४० झाली तर उतरताना पायाचा अंदाज चुकतो, आणि अपघात बहुधा उतरतानाच होतात.

खालची कमान कापताना प्रत्येक टोकाला ७० ते ८० मि.मी.चा पाय शिल्लक ठेवा. सपाट कड सबंध टेकवली तर जमिनीवरच्या एका खड्यावरसुद्धा स्टूल डुगडुगते.

हौशी करवत (प्रश्नकर्ता)

सर्वांचे आभार. चिरेचे कारण वाचल्यावर मी जुने स्टूल उलटे करून पाहिले आणि बाजूच्या फळीची रुंदी पट्टीजवळ आणि पट्टीपासून दूर अशी दोन ठिकाणी मोजली. दूरच्या ठिकाणी ती खरोखरच कमी भरली, आणि पट्टीजवळ चीर धरून जुन्या मापाएवढी. डोळ्यांनी पाहिल्यावर पटले.

मी अखंड लाकडाचाच मार्ग घेणार आहे. दोन शंका आहेत. एक म्हणजे, सामान उतरवताना वापरतात तशा लाकडी पॅलेटच्या बऱ्याच फळ्या मला मिळू शकतात. त्या चालतील का? दुसरी म्हणजे, कडेला कड चिकटवायच्या चार फळ्यांना माझे दोन शिकंजे पुरणार नाहीत.

पाचर (उत्तर)

पॅलेटवरचा शिक्का आधी पाहा. देशादेशांत फिरणाऱ्या लाकडी बांधणीसाठी आयएसपीएम १५ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे आणि त्यानुसार प्रत्येक पॅलेटवर प्रक्रियेची खूण असते. ‘एचटी’ म्हणजे लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला सलग ३० मिनिटे तापवलेले आहे. ते वापरायला हरकत नाही. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली आहे. ते घरात आणू नका. शिक्काच नसेल, किंवा तेलाचे आणि रसायनाचे डाग असतील, तर तेही सोडा. शिवाय ‘एचटी’ ही कीड मारण्याची खूण आहे, लाकूड सुकवल्याची नव्हे. असल्या फळ्या घरात, मध्ये काड्या घालून, हवा खेळेल अशा रचून दोन-तीन आठवडे ठेवा. वजनकाट्यावर एका फळीचे वजन दर चार दिवसांनी टिपून ठेवलेत तर आणखी उत्तम. वजन उतरायचे थांबले की लाकूड घरच्या हवेला रुळले.

पण खरे सांगायचे तर पायऱ्यांसाठी मी पॅलेटचे लाकूड घेणार नाही. रंधून सपाट करीपर्यंत त्या फळ्या १५ मि.मी.वर येतात, आणि खिळ्याच्या तुटक्या टोकावर रंध्याची धार गेली की त्या दिवसाचे काम संपले. आडपट्ट्यांसाठी वापरा, तेही गाठी टाळून. पायांच्या टोकाशी गाठ येऊ देऊ नका.

शिकंजांचा प्रश्न सोपा आहे. एका जाड, सपाट फळीवर दोन ठोकळे स्क्रूने पक्के करा, त्यांच्यातले अंतर तुमच्या जोडीच्या रुंदीपेक्षा ३० मि.मी. जास्त ठेवा. खाली कागद अंथरून गोंद लावलेल्या फळ्या मध्ये ठेवा आणि उरलेल्या जागेत उलट-सुलट दोन पाचरी समोरासमोर हलकेच ठोका. दाब शिकंज्याइतकाच मिळतो. सांध्याच्या सबंध लांबीत गोंदाचे बारीक मणी उमटले की थांबा. अधिक ठोकले तर फळ्या मधून उचलतात, म्हणून वर एखादी वजनदार वस्तू ठेवा. (माझ्या टोपणनावाचे मूळ तेच आहे, त्यामुळे या युक्तीविषयी मी निःपक्षपाती नाही.) तासाभराने पाचरी काढता येतात, पण पुढचे काम दुसऱ्या दिवशीच करा.

ओळंबा (उत्तर)

एक पुरवणी. फळी चिकटवण्यापूर्वी पिळलेली नाही ना, हे पाहा. दोन सरळ, सारख्या रुंदीच्या पट्ट्या फळीच्या दोन टोकांवर आडव्या उभ्या करा आणि खाली वाकून एका पट्टीच्या कडेवरून दुसरीची कड पाहा. दोन्ही कडा समांतर दिसल्या तर फळी सरळ. एक टोक वर दिसले तर तिथे पीळ आहे. पिळलेली फळी स्क्रूने सरळ करता येते असे वाटते, पण ती सगळ्या स्टुलाला आपल्यासारखे करून सोडते. आडपट्ट्या बसवताना प्रत्येक वेळी दोन्ही कर्ण मोजा. फरक २ मि.मी.हून जास्त असेल तर गोंद ओला असतानाच चौकट दाबून जागेवर आणा.

हौशी करवत (प्रश्नकर्ता)

पाच आठवड्यांनी लिहीत आहे. स्टूल उभे राहिले. लाकूड सुकलेले विकतच आणले, पॅलेटच्या फळ्या फक्त खालच्या आडपट्टीसाठी वापरल्या. सर्वात जास्त वेळ खाचांना लागला: पहिली खाच मी रेघेवर करवत चालवून सैल करून बसलो आणि पट्टी तिच्यात खुळखुळू लागली. मग पुढच्या सातही खाचा रेघेच्या आत कापून पटाशीने रेघेपर्यंत आणल्या. सैल खाचेत त्याच लाकडाची पातळ चकती तंतू जुळवून चिकटवली आणि पुन्हा कापले; आता ती कोणती होती हे मलाही शोधावे लागते.

शेवटी एक पाय जरासा आखूड भरला. सपाट फरशीवर ठेवून त्या पायाखाली कार्डाचे तुकडे सरकवत गेलो, तिसऱ्या तुकड्याला डुगडुग थांबली. मग एका छोट्या ठोकळ्यावर पेन्सिल आडवी धरून चारही पायांभोवती फिरवली आणि त्या रेघेवर पाय घासून घेतले. पृष्ठभाग १२० क्रमांकाच्या पॉलिश पेपरवर थांबवला, पायऱ्यांवर मेण लावले नाही, बाकीच्या लाकडाला जवसाचे तेल दिले.

आधी दोन्ही पायऱ्यांवर वाळूची पोती रात्रभर ठेवली, मग भिंतीजवळ मी स्वतः चढून कोपऱ्या-कोपऱ्यावर भार टाकून पाहिला. हालचाल नाही. आई चढली, उतरली, आणि म्हणाली की हे उचलायचे कुठे धरून? वरच्या फळीला पकडच नाही. आता सगळे चिकटवल्यानंतर खाच पाडली तर फळी कमजोर होईल का?

पाचर (उत्तर)

होणार नाही, पण खाच फळीच्या लांबीच्या दिशेने पाडा, आडवी नाही. आडवी पाडली तर तितके तंतू तुटतात. फळीच्या मध्यरेषेवर, केंद्रांमध्ये ७५ मि.मी. अंतर ठेवून ३० मि.मी. व्यासाची दोन भोके पाडा, वरून पाडताना टोक खाली डोकावले की थांबा आणि उरलेले खालून पूर्ण करा, म्हणजे कडा फाटणार नाहीत. मधला भाग निमुळत्या करवतीने कापून टाका. १०५ मि.मी.ची खाच चार बोटांना पुरते. कडा दोन्ही अंगांनी बोटाला टोचणार नाहीत इतक्या गोल करा.

आणि जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी चुरगाळून टोपलीत टाकली असतील तर आत्ता उठून बाहेर काढा. ते तेल वाळताना तापते आणि गोळा करून ठेवलेले फडके आपोआप पेट घेऊ शकते. एकेक फडके पसरून मोकळ्या हवेत वाळवा, कडक झाले की टाका.

हौशी करवत (प्रश्नकर्ता)

फडकी टोपलीतच होती. पसरली. खाच उद्या.